पा लमायचं त्रेसष्टावं मरण

मरण पा लमायच्या पाचवीलाच पुजलेलं होतं. पडद्यावरचं हो. घरी ती ठणठणीत होती, दोन वेळा पोटभर भात हाणायची आणि थायलंडातल्या नोन्थबुरीच्या बाजारात जे हुई नावाच्या मासेवालीशी तासभर हुज्जत घालायची. पण मालिकेत नाही तर सिनेमात तिला घेतलं, की तिसऱ्या भागाच्या आत ती गेलीच म्हणून समजा. एकतीस वर्षांत बासष्ट वेळा. क्षयाने, पुराने, सापाने, एकदा तर नुसती तार वाचून. नायिकेला पोरकं करायचं असलं की दिग्दर्शक म्हणत, "त्या लमायमावशीला बोलवा." सगळे तिला पा म्हणत, म्हणजे मावशीच. ती नुसती खोकली तरी बघणारे रुमाल शोधायला लागत.

मेल्यावरचं काम सोपं. पलंगावर पडायचं, उजवा हात चादरीबाहेर काढायचा, आणि तिकडच्या रीतीप्रमाणे एकेकाने येऊन शेवटचा निरोप म्हणून त्या हातावर सुवासिक पाणी ओतायचं. पाणी कोपरावरून थेट बगलेत जायचं, पण तिची पापणी कधी हलली नाही.

आणि 'कट' झालं की मेलेल्याने ताबडतोब उठून कॅमेऱ्याकडे बघत खदाखदा हसायचं. तोवर कुणी दिवा हलवायचा नाही, घोटभर पाणीसुद्धा प्यायचं नाही. नाही हसलं तर खोटं मरण खरं होऊन घरी येतं, आणि येताना बाकीच्यांच्या घरांतही डोकावतं. हे कॅमेरेवाल्या सवाटकाकांचं ठाम मत. काकांच्या गळ्यात नऊ ताईत होते, त्यांच्याशी वाद घालणार कोण?

पा लमायला जन्मात एकच गोष्ट हवी होती. शेवटच्या भागात लग्न असतं. वडीलधारी माणसं शंखातून नवरानवरीच्या जोडलेल्या हातांवर पाणी ओततात. एकदा तिथवर जिवंत पोचायचं आणि आपल्या हाताने ते पाणी ओतायचं. "घेऊन घेऊन हात सुरकुतला माझा," ती म्हणायची.

अखेर पिआक नावाच्या नव्या दिग्दर्शकाने तिला खाष्ट सासू दिली. मुलाने पळवून आणलेल्या सुनेला ही छळ छळ छळते, शेवटी विरघळते आणि दोघांचं रीतसर लग्न लावून देते. पा लमायने शेवटचं पान आधी वाचलं. पाणी होतं, शंख होता, ती जिवंत होती.

मग काय, बाई सुटलीच. एकतीस वर्षं नुसतं खोकून साठलेला सगळा जोर तिने त्या सुनेवर काढला. बाराव्या भागानंतर ती बाजारात गेली, तर जे हुईने टोपलीवर फडकं टाकलं.

"तुला मासे नाहीत."

"फडक्याखाली ढीग दिसतोय, हुई."

"तो माणसांसाठी आहे. काल त्या पोरीला पायरीवर बसवून शिळा भात घातलास."

"अगं, ते लिहिलेलं असतं."

"लिहिलेलं असतं, तर तुझं तोंड एवढं खुशीत कशाला होतं?"

तोंड खुशीत होतं खरं. शेजारच्या फळवालीने डुरियनचं काटेरी साल भिरकावलं. "आणि ऐक," जे हुई म्हणाली, "म्हातारीला मारा म्हणून अकरा पत्रं टाकलीत मी टीव्हीवाल्यांना."

ती अकराच असती तर भागलं असतं. पोतंभर पत्रं आली होती. पिआक मान खाली घालून म्हणाला, "पा, लोकांना तुम्ही मेलेल्या हव्या आहात. चौदाव्या भागात हृदय बंद."

"बरं बाळा," ती म्हणाली. एवढंच. तिथेच पिआकने सावध व्हायला हवं होतं, पण अक्कल विकत मिळते थोडीच.

पलंग लागला, चादर आली, हात बाहेर निघाला. सून झालेल्या मुलीने रडत रडत पाणी ओतलं. कट. सगळे हसण्याची वाट बघू लागले. पा लमायने डोळे उघडले आणि छताकडे बघत पडून राहिली.

"पा, हसा ना."

"येत नाहीये."

"थोडंसं."

"थोडंसं कसं हसतात ते तू दाखव."

पिआकने दाखवलं. माकडासारखा नाचलाही. शेजारच्या सेटवरून एक विनोदी नट आणला. त्याने हमखास हशा मिळवणारे तीन चुटके सांगितले. ती म्हणाली, "दुसरा मी तुझ्या वडिलांकडून ऐकलाय, ते बरा सांगायचे." बिचारा डोळे पुसत गेला. सवाटकाका कॅमेऱ्यावर टोपण घालून, मुठीत ताईत धरून भिंतीला टेकले. कुणी जागचं हलेना. पलीकडे जेवण गार होत होतं.

दोन वाजता पिआक पलंगाशी फतकल मारून बसला. "पा, हवंय काय तुम्हाला?"

"सगळ्या देशाने माझ्या हातावर पाणी ओतून झालंय, बाळा. मला एकदा ओतायचंय. मला जगव. नाही तर मी हसत नाही. मग काका म्हणतात ते खरं की खोटं, आपण सगळे मिळून बघू."

याला सरळ भाषेत धमकी म्हणतात, आणि मला विचाराल तर ती अगदी रास्त होती.

भिंतीपाशी सवाटकाका खाकरले. "मला तीन नातवंडं आहेत, पिआक. लिही."

पिआकने तिथल्या तिथे लिहिलं. पुन्हा पलंग, पुन्हा पाणी. या खेपेला प्रेताने सुनेचं मनगट पकडलं आणि विचारलं, "एवढं गार पाणी आणतात होय?" ती मुलगी खरोखरच किंचाळली. कट. आणि पा लमाय अशी हसली की सवाटकाकांनी पटकन ताईत मोजून घेतले.

तो भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी जे हुईने न मागता दोन बांगडे बांधून दिले. "मेलीस तेव्हा मी रडले," ती म्हणाली. "फुकट गेलं. पुन्हा असं करू नकोस."

शेवटच्या भागात पा लमाय रेशमी कपड्यांत उभी राहिली. समोर दोन जोडलेले हात. मेल्यावर एकतीस वर्षं न हललेला तिचा हात आता नेमका हलला आणि अर्धं पाणी नवरीच्या बाहीवर गेलं. पाठ केलेला आशीर्वाद ती साफ विसरली.

"गार नाही ना गं?" तिने विचारलं.

"नाही, आई," ती मुलगी म्हणाली.

कट. सवयीने सगळे जागच्या जागी थांबून तिच्या हसण्याची वाट बघू लागले.

"पा," सवाटकाका म्हणाले, "आज नाही हसलात तरी चालेल. आज कुणी मेलं नाही."

तशी पा लमाय लग्नातलीच एक खुर्ची ओढून बसली, शंख मांडीवर ठेवला आणि रडायला लागली. तिचं रडून होईपर्यंत कुणी दिव्याला हात लावला नाही.