शून्याची बाटली

इंग्लंडमधल्या बार्न्सलीच्या शाळेसमोर गोल पाटी धरून पोरांना रस्ता ओलांडून देणारी ग्लेंडा हॉयल चाळीस वर्षं सिगारेट ओढत होती. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायला लागली, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिच्या हातात सिगारेटऐवजी वाफ ओढायची नळी, म्हणजे व्हेप दिली. व्हेपच्या रसाच्या बाटलीवर निकोटिनचा आकडा असतो. वीसवरून बारा, बारावरून सहा, मग तीन. एवढं उतरायला तिला तीन वर्षं लागली, आणि प्रत्येक उतरणीला तिने घरादाराला सळो की पळो करून सोडलं.

मग सरकारने त्या रसावर कर बसवला. ग्लेंडाचं गणित सरळ होतं: वाईट निकोटिन, तेव्हा कर निकोटिनवर. शून्यावर गेलं की सुटका! बातमी पुरती वाचायची तसदी कोण घेतो? तिची बहीण मॅक्सीन हिने तर केकही केला आणि वर शून्याची मेणबत्ती रोवली.

शनिवारी ग्लेंडा ऐटीत तारिकच्या दुकानात शिरली.

"शून्याची मोठी बाटली काढ."

किंमत ऐकून ती उडालीच. "डोकं फिरलंय का तुझं? मागच्या आठवड्यात निम्म्याला होती!"

"तो जुना माल होता, काकू. आता दहा मिलीमागे दोन पौंड वीस पेन्स कर."

"अरे, पण ह्यात निकोटिनच नाहीये!"

"कर रसावर आहे. आत काय आहे ते कोण बघतंय?"

"म्हणजे मी नुसती वाफ ओढली तरी?"

"तरी." तारिकने मान खाली घातली. "आणि हलका रस माणूस दिवसभर ओढतो. ही तुम्हाला चार दिवस पुरणार नाही. त्यापेक्षा वीसची छोटी घ्या, आठवडा जाईल."

"वीस? अरे मेल्या, तिथून उतरताना माझा जीव निघालाय!"

"माहितीये, काकू. सगळ्या बाटल्या मीच विकल्यात ना."

ती तणतणत बाहेर पडली. पबच्या मागे चोरट्या सिगारेटी स्वस्तात मिळतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाय तिकडेच वळले. कोपऱ्यावर कुणीतरी सिगारेट ओढत होतं, आणि तो वास नाकात गेल्यावर तिच्या तोंडाला पाणी सुटलं. स्वतःचीच तिला भीती वाटली. ती मागे फिरली, तारिककडे गेली आणि वीसची छोटी बाटली घेऊन बाहेर पडली. आजवर प्रामाणिकपणे उतरलो हाच आपला गुन्हा, या विचाराने तिला रडू फुटलं.

घरी मॅक्सीन सुरी घेऊन तयारच होती. "काय गं, मग? शून्य ना?"

ग्लेंडाने खण उघडला. गेल्या महिन्यात तिच्या बासष्टाव्या वाढदिवसाला आणलेल्या सहा आणि दोन या आकड्यांच्या मेणबत्त्या आत पडल्या होत्या. त्यातली दोनची तिने उचलली आणि केकवरच्या शून्याच्या आधी रोवली.

"काप आता," ती म्हणाली.