सहाजणांची गाडी

व्हिएतनामला जायचं ठरलं तेव्हा माझा नवरा धडधाकट होता. आम्ही न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या हिल्सबरो भागात राहतो. बरोबर येणारं एक जोडपं अल्बनीचं, दुसरं हेन्डरसनचं. सगळे पुण्यामुंबईचे, साधारण एकाच सुमारास ऑकलंडला आलेले. सुरुवातीला कुणाकडे धड फर्निचरही नव्हतं, तेव्हा दर शनिवारी कुणाच्या तरी कार्पेटवर बसून खिचडी खायचो. एकमेकींची बाळंतपणंही आम्हीच केली, कारण आयांचे व्हिसा वेळेवर यायचे नाहीत. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली आणि अल्बनीची मैत्रीण म्हणाली, आता आपण सहाजणच कुठेतरी जाऊ या. तिने मोबाइलवर एका गुहेचा व्हिडिओ दाखवला. नदीतून होडी थेट डोंगराच्या पोटात शिरत होती, वर दगडाची झुंबरं लोंबत होती. आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही सगळे त्या व्हिडिओवर ओणवे झालो होतो. तिकिटं बघायला सुरुवात झाली आणि त्याच महिन्यात ह्याला स्ट्रोक आला.

सकाळी साइटवर जायला निघाला होता. हा रस्त्यांच्या कामावर इंजिनियर होता. बूट घालायला वाकला आणि उजवा हात बुटापर्यंत पोचेना. मला वाटलं, मस्करी करतोय.

पुढचे महिने या दोन्ही घरांनी आमच्यासाठी जे केलं ते मी नाकारणार नाही. अल्बनीहून हार्बर ब्रिज ओलांडून हॉस्पिटलमध्ये डबे यायचे. हेन्डरसनचा मित्र हिवाळाभर येऊन आमचं गवत कापून जायचा, चहालाही थांबायचा नाही. हे सगळं विसरता आलं असतं तर पुढचं सोपं झालं असतं.

वर्षभरात हा काठी घेऊन चालायला लागला. उजवं पाऊल किंचित घासत यायचं. बोलताना शब्द उशिरा यायचे, विशेषतः नावं. त्याला सगळं समजत होतं, फक्त उत्तर यायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ कुणाकडे नसायचा. मग लोक त्याच्या डोक्यावरून मला विचारायचे, "तो चहा घेईल का?" मी म्हणायचे, "त्यालाच विचारा ना." ते ओशाळं हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा मलाच विचारायचे.

एका रविवारी अल्बनीच्या मैत्रिणीनेच विषय काढला. "चला, आता करू या व्हिएतनाम. तोही बरा आहे आता." मला इतका आनंद झाला की मी लगेच म्हटलं, सगळं प्लॅनिंग माझ्याकडे. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एखादी गोष्ट कुठे, कशी बिघडेल याचा आधीच विचार करायचे मला पैसे मिळतात.

बाकी सहल सोपी होती. दा नांगला उतरायचं, समुद्र बघायचा, तिथून ह्यू. अडचण होती ती गुहेचीच. ह्यूपासून गुहेचं गाव, फोंग न्हा, गाडीने चारेक तासांवर, आणि जाऊन-येऊन एकाच दिवसात करायचं. टूरच्या बस असतात, पण त्या हॉटेलाहॉटेलातून माणसं गोळा करत निघतात आणि त्यांच्या मनाला येईल तिथे थांबतात. ह्याचा पाय तासाभरात आखडतो, खाली उतरून चार पावलं चालावंच लागतं. म्हणजे ड्रायव्हरसकट स्वतःची गाडी हवी. शोधताशोधता ह्यूची एक बाई सापडली. ती आणि तिचा भाऊ मिळून गाड्या चालवायचे. आधी मेसेज झाले, मग फोन. तिचं इंग्लिश तुटकं, माझं तिला कळेल असं तोडलेलं. ती मला 'सिस्टर' म्हणायची.

तिने सांगितलं, गुहा दोन आहेत. एक होडीची. दुसरी कोरडी, तिथे काही अंतर बॅटरीवरच्या छोट्या गाडीने जाता येतं, पण पुढे शेकड्यांनी पायऱ्या. ती आमच्यासाठी बादच. होडीच्या गुहेबद्दल मी तिला भंडावून सोडलं. धक्क्यावरून होडीत उतरताना किती खाली पाय टाकावा लागतो? होडीची कड किती उंच? मधे गुहेतच एका वाळूच्या पट्टीवर सगळ्यांना उतरवतात आणि तिथून चालत बाहेर यायचं असतं, तर एखादा माणूस होडीतच बसून राहिला तर चालेल का? ती धक्क्यावर होडी चालवणाऱ्या बायकांना विचारून आली. म्हणाली, "बसू दे त्याला. होडी त्याला घेऊनच परत येईल. पाणीच बघायचं ना, जाताना एकदा, येताना एकदा."

होडीची कड आमच्या बाथटबच्या कडेएवढी निघाली. मग ह्याचा सराव सुरू झाला. रोज संध्याकाळी, सगळे कपडे अंगावर असताना, एका हाताने मला धरून आधी डावा पाय टबात, मग उजवा. आत बसायचं, उठायचं, बाहेर यायचं. पहिल्या आठवड्यात तो दमून जायचा. नंतर जमायला लागलं. एकदा टबात बसल्याबसल्या त्याने हाताने वल्हं मारल्यासारखं केलं आणि आम्ही दोघं खूप हसलो. त्याच्या आजारपणानंतर आमच्या घरात तसं हसणं झालं नव्हतं.

ग्रुपवर मी रोज काहीतरी टाकत होते. ह्यूच्या बाईचा नंबर, सात सीटची गाडी की सोळा सीटची व्हॅन, वाटेत कुठे थांबायचं, शाकाहारी जेवण कुठे मिळेल. अल्बनीच्या मित्राने लिहिलं, एवढं लांब जाऊन एकच गुहा कशाला, दोन्ही करू. मी लिहिलं, "तुम्ही चौघे पायऱ्या चढून या, आम्ही दोघं नदीकाठी कॉफी पीत बसू. गाडी आपलीच आहे, घाई नाही." त्यावर दोन अंगठे आले. मैत्रिणीने लिहिलं, "हो गं, बघू." पुढे पुढे अंगठेही कमी झाले. मला वाटलं, कामात असतील.

एका शनिवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा ह्यूच्या बाईचा फोन आला.

"सिस्टर, तुझा नवरा परत आजारी पडला का?"

"नाही. का?"

"तुझ्या मैत्रिणीचा मेसेज आला. गाडी चार माणसांची. मी म्हटलं, सहा ना? ती म्हणते, चार. दोन्ही गुहा. मग मला काळजी वाटली."

मी म्हटलं, काहीतरी गैरसमज झाला असेल, मी कळवते. हातातली ओली चादर तशीच टोपलीत टाकली आणि अल्बनीला फोन लावला.

"चार माणसांची गाडी कुणासाठी सांगितलीस?" मी सरळच विचारलं.

ती म्हणाली, "म्हणजे? तो तुला बोलला नाही?"

"कोण?"

"अगं, तुझा नवरा. मागे तुम्ही जेवायला आला होतात ना, तू आत माझ्याबरोबर पोळ्या करत होतीस, तेव्हा बाहेर डेकवर आमच्या दोघींच्या नवऱ्यांना म्हणाला, तुम्ही चौघे जाऊन या, आम्ही नाही येत. म्हणाला, हिला मी सांगतो. आम्ही नको नको म्हटलं गं."

"किती वेळा म्हटलं?"

"काय?"

"नको नको किती वेळा म्हटलंत?"

ती जरा दुखावल्या आवाजात म्हणाली, "हे बरोबर नाही हं. आम्ही काय त्याला हाकललं का?"

"त्यानंतर इतके आठवडे मी ग्रुपवर लिहितेय. धक्का, होडी, वाटेतले थांबे. तुम्ही वाचत होतात ना?"

"आम्हाला वाटलं, तू आमच्यासाठी करतेयस. तुला हौस आहे ना प्लॅनिंगची."

ती हे खोटं बोलत होती असं मला आजही वाटत नाही. खोटं असतं तर मला तिच्याशी नीट भांडता तरी आलं असतं. मी फोन ठेवला.

हा मागच्या अंगणात खुर्चीवर बसला होता, पायात रबरी चपला, मांडीवर मटारचं भांडं. डाव्या हाताने शेंगा सोलायचा सराव त्याने स्वतःच लावून घेतला होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"तू त्यांना जा म्हणालास?"

त्याने मान डोलावली. तो घाबरलाही नाही, हे मला जास्त लागलं.

"का?"

तो शब्द शोधत राहिला. मी नेहमी मदत करते, पहिलं अक्षर सुचवते. त्या दिवशी नाही केली.

"सगळे... थांबतात," तो म्हणाला. "मी उतरेपर्यंत. मी चढेपर्यंत. थांबून... बघतात. मला नको होतं."

"मग मला सांगायचं होतंस."

"ऐकलं असतंस?"

"आणि तो टब? रोज पाय टाकत होतास तो कशासाठी?"

या वेळी त्याला शब्द शोधावे लागले नाहीत. "तुला बरं वाटायचं," तो म्हणाला.

म्हणजे सराव तो माझ्यासाठी करत होता. मला वाटत होतं, मी त्याला उभं करतेय, आणि तो रोज संध्याकाळी दमून भागून माझं मन राखत होता. आणि त्यांना सांगून झाल्यावरही आठवडेच्या आठवडे, सगळं ठाऊक असून, माझा हात धरून टबात पाय टाकत होता.

"आम्ही नाही येत, म्हणालास," मी म्हटलं. "आम्ही. माझं तू का ठरवलंस?"

"एकटी गेली असतीस?"

"विचारायचं तरी होतंस."

त्याने पुढची शेंग घेतली. मी आत गेले. वेलिंग्टनला मुलीला फोन केला. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्लिशमध्येच येतं. ऐकून घेऊन ती म्हणाली, "मम, इट्स नॉट अबाउट यू." मी तिला नंतर करते म्हणून फोन बंद केला, आणि तो नंतरचा फोन काही केला नाही.

दोन दिवसांनी अल्बनीची घरी आली. बरोबर हेन्डरसनची. केक आणला होता. त्यांनी चर्चा केली होती म्हणे. "तू ये ना आमच्याबरोबर," अल्बनीची म्हणाली. "आठवडाभर तो राहील, आम्ही त्याच्यासाठी काहीतरी सोय बघू." नवरा तिथेच सोफ्यावर बसला होता. त्याच्याकडे न बघता ती हे बोलत होती. मी म्हटलं, "मला नाही यायचं. पण ती बाई चांगली आहे, गाडी तिचीच घ्या." हेन्डरसनच्या मैत्रिणीने माझा हात दाबला. मला तो झटकावासा वाटला, पण मी चहा ओतायला उठले.

ह्यूच्या बाईला मीच फोन करून सांगितलं की चारच माणसं येतील. ती म्हणाली, होडीवाल्या बायकांना तिने ह्याच्याबद्दल सांगून ठेवलं होतं, त्यांनी बसायला पाठ टेकता येईल अशी जागा करू म्हटलं होतं. "पुढच्या वर्षी, सिस्टर," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

एप्रिलच्या सुट्टीत ते गेले. मी आखलेल्या रस्त्याने गेले, मी निवडलेल्या ठिकाणी थांबले, जेवले. फोटो येत राहिले. गुहेतल्या होडीत नारिंगी लाइफ जॅकेट घालून चौघे बसलेले, खाली लिहिलेलं, 'मिसिंग यू गाइज'. ह्याने त्यावर लाल बदाम टाकला. मी तो फोटो बराच मोठा करून बघितला. होडीत त्यांच्या मागे तीन फळ्या रिकाम्या होत्या.

परत आल्यावर सगळे आमच्याकडे जेवायला आले. हिल्सबरोच्या त्याच टेबलाभोवती व्हिडिओ बघितले गेले. हा मन लावून बघत होता, परत लाव म्हणत होता. "तुझं सगळं परफेक्ट होतं हं," अल्बनीचा मित्र मला म्हणाला. "वाटेत एकदाही अडलं नाही."

"आणि खरं सांगू?" मैत्रीण म्हणाली. "होडीत चढणं काहीच नव्हतं. त्याला आरामात जमलं असतं."

ती चांगल्या मनाने बोलली. सगळं चांगल्या मनानेच चाललं होतं. मी ताटं उचलली. मागून तिचा आवाज आला, "नाहीतर तुम्ही वायटोमोला जाऊन या ना. गुहा ती गुहा. आणि इथल्या इथे." हा हसला. खास तिच्यासाठी केलेली बासुंदी मी फ्रिजमधून काढलीच नाही. कुणाला माहीतही नव्हतं की मी केली होती. दुसऱ्या दिवशी सिंकमध्ये ओतून दिली.

त्यानंतर जाणंयेणं तुटलं असं नाही. वाढदिवस होतात, गणपतीत आरतीला भेटतो. ग्रुपवर मी काही लिहीत नाही, ते का, हे कुणी विचारलेलं नाही.

इथल्या जुलैच्या हिवाळ्यात एकदा ह्याने स्वतःहून विषय काढला. "आपण दोघंच जाऊ," म्हणाला. "ती बाई... ह्यूची. तिला सांग." मी नाही म्हटलं. काही आठवड्यांनी पुन्हा म्हणाला. मी पुन्हा नाही म्हटलं. का, ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्याने एकदा फसवून झाल्यावर मला पुन्हा टबाशी उभं राहून त्याच्या चेहऱ्यात खरं काय ते शोधायचं नव्हतं. त्याला जायचं असेल खरंच. मला आता ते कळायचा काही मार्ग नाही.

परवा दिवाळीच्या कार्यक्रमात, माउंट रॉस्किलच्या एका हॉलमध्ये, नव्याने आलेल्या एका जोडप्याशी तो बोलत होता. तरुण मुलगी, पुण्याचीच. तिने विचारलं, "काका, तुम्ही दोघं कुठे फिरायला जाता की नाही?"

"हिला प्रवासाचा... कंटाळा आहे," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला.

ती मुलगी मला म्हणाली, "अहो काकू, जायला हवं हं, आत्ताच तर वेळ आहे." मी तिला सांगितलं की चकल्या संपत आल्यात, आधी घेऊन ये.