भाऊंच्या वाढदिवसाचं रक्त

माझ्या धाकट्या बहिणीला वर्षातून तीन-चार वेळा दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. तिला सिकलसेल आहे. तिच्या रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. मग गुडघे, कोपर, पाठ असं सगळं एकदम दुखायला लागतं, आणि ती ओरडू नये म्हणून गोधडी दातात धरते. दवाखान्यात आम्हाला हे चित्र काढून समजावलं होतं. गावाला चित्राची गरज पडली नाही. गावाने आपलं आपण ठरवून टाकलं होतं की ही पोरगी लोकांच्या रक्तावर जगते.

मुकुटबनपासून आत आमचं गाव. नळावर ती दिसली की बाया विचारायच्या, "आता कोनाचं भरलं व? मानसाचं का बाईचं?" एकजण म्हणाली, "मानसाचं भरलं तं मिशा नाई का येत हिले?" सगळ्या हसल्या. माझी मायसुद्धा हसली. नळावर तिला हसावंच लागे.

आमच्या घरातलं कुणाचंच रक्त तिला चालत नव्हतं. माय, बाबा आणि मी, तिघांच्याही रक्तात तो दोष अर्धा आहे. आम्हाला त्रास नाही, पण रक्तपेढीत आमचा दंड कुणी धरत नाही. बाबा प्रत्येक वेळी बाही वर करून उभे राहायचे आणि तिथला माणूस प्रत्येक वेळी तेच सांगायचा, "बाबा, तुमचं नाही चालत, किती वेळा सांगू?" सिकलसेलच्या पेशंटला रक्त फुकट मिळतं, बदल्यात रक्त देणारा माणूस मागायचा नाही, असा नियम आहे. तसा बोर्डही भिंतीवर आहे. पण फ्रिज रिकामा असला की बोर्डाचं काय करायचं?

बाबा ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर होते. पहाटे मोटर लावायची, मग गल्लीगल्लीचे वाल उघडायचे, बंद करायचे. त्यामुळे गावातलं एकही दार त्यांना परकं नव्हतं. कोणत्याही दाराच्या आत मात्र ते गेले नव्हते. आम्ही बौद्ध वस्तीतले. माझ्या वयाची पोरं त्यांना "काहून रे, आज पानी कमी सोडलं?" असं विचारायची आणि बाबा "प्रेशर नाई जी" म्हणायचे.

त्या वर्षी आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. त्यांना सगळे भाऊच म्हणत. वाढदिवसानिमित्त आमच्या गावात रक्तदान शिबिर घ्यायचं ठरलं. माणसं गोळा करायचं काम सरपंचाने बाबांवर टाकलं. बाबा घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उजळला होता. ते मायला म्हणाले, "आता गावातच रगत जमा होते. पोरीले लागलं का तिथूनच."

दुसऱ्या दिवसापासून ते वाल सोडता सोडता प्रत्येक दारात थांबू लागले. "शिबिराले याजा. माह्या पोरीच्या कामी येईन." पहिले काही दिवस कुणी हो म्हटलं नाही. रक्त दिलं की माणूस कामातून जातो, हातातला जोर जातो, पुढे पोरंबाळं होत नाहीत, अशी कारणं निघाली. एका घरातली म्हातारी ओट्यावरूनच ओरडली, "तुह्या पोरीपायी माह्या पोराले कायले पिळतं?"  बाबा पुढचा वाल उघडायला गेले.

नंतर कळलं की रक्त देणाऱ्याला पाण्याचा मोठा जग भेट मिळणार आहे, शेतात न्यायला सोयीचा, बर्फ टिकणारा. मग मात्र नावं धडाधड आली.

शिबिर जिल्हा परिषदेच्या शाळेत झालं. वर्गातली बाकं जोडून वर गाद्या टाकल्या होत्या. यवतमाळच्या एका खासगी रक्तपेढीची गाडी आली होती. आमच्या वस्तीतल्या काही बायासुद्धा आल्या होत्या, बहिणीसाठी म्हणून. मजुरीला दांडी मारून, नवं लुगडं नेसून आल्या. बोटातला थेंब तपासून सगळ्यांना परत पाठवलं. अंगात रक्तच कमी. एक बाई बराच वेळ दाराशी उभी राहिली आणि मग मला म्हणाली, "थोडंसंच घ्या म्हना ना."

बाबांनी बहिणीला पायरीवर बसवलं होतं. लोकांनी तिला बघावं, आपण कुणासाठी देतोय हे त्यांना कळावं, असं त्यांना वाटत होतं. लोकांनी बघितलंच. जग काखेत मारून बाहेर येणारा एकजण तिच्यापुढे वाकला आणि म्हणाला, "काय व, माहं रगत गोड लागन का खारट?" सोबतची पोरं खिदळली. आमच्या गावातला एक मोठा शेतकरी गादीवर आडवा झाला होता. सुई लागायच्या आधी त्याने रक्त घेणाऱ्या माणसाला मोठ्याने विचारलं, "हे कोनालेही देता का तुमी? आमचं आमच्याच मानसाले द्याजा." बोलताना तो दारातून सरळ पायरीकडे बघत होता. त्या माणसाने सुई टोचली. बहीण तेव्हा अठरा वर्षांची होती. ती पायरीवरून उठली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

रक्त दिलेल्या प्रत्येकाला एक कार्ड मिळत होतं. ते दाखवलं की त्या रक्तपेढीतून वर्षभरात एक पिशवी मिळते. भाऊंच्या कार्यकर्त्याने दारातच सगळी कार्डं गोळा केली. "भाऊकडे जमा राहतीन. ज्याले गरज पडन त्याले भाऊ देतीन." कुणी हरकत घेतली नाही. जग हातात आला होता.

त्यानंतर महिनाही झाला नसेल, बहिणीला ताप आला. डोळे पिवळे पडले, श्वास लागायला लागला. वणीहून पुढे यवतमाळला नेलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने तिच्या पापण्या ओढून बघितल्या आणि म्हणाला, "रक्त लागेल, आजच." तिच्या गटाचं रक्त तिथे संपलं होतं. खासगी रक्तपेढीत मिळेल, पण एकतर रक्त देणारा माणूस आणा नाहीतर कार्ड आणा.

मायला तिच्याजवळ ठेवून मी आणि बाबा गावाकडे निघालो. बाबांनी मला सोबत घेतलं, कारण मी बारावी शिकलेली. त्यांना वाटलं, मी बोलले तर लोक ऐकतील. बसमध्ये ते एकच वाक्य बोलले. "इतक्या लोकाईनं देल्लं. कोनी ना कोनी येईनच."

कुणी आलं नाही. "आत्ताच तं देल्लं ना बाप्पा. तीन महिने नाई चालत, डाक्टरच म्हने." हे खरं होतं, त्यामुळे त्यावर काही बोलता येत नव्हतं. ज्यांनी दिलं नव्हतं त्यांच्या आया, बायका पुढे आल्या. एकाचा पोरगा एकुलता एक होता, एकाला लहानपणी कावीळ झाली होती. पायरीवर खारट-गोड विचारणारा तोच माणूस खाटेवर बसून बिडी ओढत होता. मी म्हटलं, "दादा, तुमी तं हिच्यासाठीच देल्लं होतं." तो म्हणाला, "मंग? एकडाव देल्लं ना. जन्मभर ठेका घेतला का?"

आम्ही भाऊंच्या कार्यालयात गेलो. भाऊ फार गोड बोलले. बाबांना "काका" म्हणाले, खुर्ची दिली. बाबा खुर्चीच्या कडेला टेकले. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं, हळहळले आणि टेबलाचा खण उघडला. कार्डांचा गठ्ठा रबर लावून आत ठेवलेला मला दिसला.

"पोरगी कुठं हाये?"

"यवतमाळले जी. भरती हाये."

"असं?" त्यांनी खण पुन्हा लोटला. "मंग तं बरंच झालं. उद्या माही मीटिंगच हाये यवतमाळले. मी सोता येतो अन् तिच्या हातात देतो."

मी म्हटलं, "भाऊ, आजच लागते म्हने डाक्टर. आज द्या ना. फोटो मंग काढा."

फोटोचं नाव मी काढायला नको होतं. त्यांचा चेहरा बदलला. ते माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "पोरगी लय हुशार हाये काका तुमची." कार्यकर्ता दार उघडून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाट बघत बसलो. माय सारखी वॉर्डाच्या दाराशी जाऊन यायची. बहिणीचे ओठ राखेसारखे झाले होते. नाकाला ऑक्सिजनची नळी होती, तरी तिच्या छातीचा भाता चालूच. नर्स दोनदा विचारून गेली, "आणलं का?" बाबा म्हणत, "येऊन राह्यले." उन्हं कलल्यावर भाऊ आले, सोबत पाच-सहा माणसं. नर्स म्हणाली, इतक्यांना आत येता येणार नाही. एकाने तिला बाजूला केलं. कार्यकर्त्याने बहिणीच्या पाठीमागे हात घालून तिला उठवून बसवलं. तिच्या तोंडातून कण्हणं निघालं. "ते नळी काढा जरा, तोंड दिसत नाई," मोबाईल धरलेला म्हणाला. मायने नळी धरून ठेवली. मग ती नळीसकटच फोटोत आली.

"जरा हास ना बाई," कोणीतरी म्हणालं. "रगत भेटून राह्यलं तुले."

ती हसली नाही. भाऊंनी कार्ड तिच्या बोटांत दिलं, तिच्याच्याने ते धरवेना, तर तिची बोटं त्यांनी आपल्या हाताने मिटून धरली. बाबांना शेजारी उभं केलं आणि हात जोडायला सांगितलं. बाबांनी हात जोडले.

संध्याकाळी रक्त लागलं. ती वाचली.

आम्ही तिला घेऊन घरी आलो, तेव्हा मुकुटबनच्या बस थांब्यावर फ्लेक्स लागला होता. वर हात हलवणारे भाऊ, खाली खाट, खाटेवर माझी बहीण, नळी लावलेली, सुजलेली, आणि हात जोडलेले बाबा. तिच्या चेहऱ्याखाली 'सिकलसेलग्रस्त' असं लाल अक्षरांत लिहिलेलं. बहिणीने बसमधून तो बघितला. ती मला म्हणाली, "ताई, माहे केस तरी विंचरा लागत होते तुमी."

त्याच महिन्यात माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. कळंबकडची माणसं होती, मुलगा दुकानात कामाला. फोटो त्यांच्या मोबाईलवर पोचला. मध्यस्थ येऊन ओट्यावर बसला. म्हणाला, "पोरगी चांगलीच हाये, त्याईले काही बोलाचं नाई. पन घरात रगताचं असं हाये, हे आदी सांगावं लागत होतं." खरं तर तो मुलगा तपासून घेतला असता, तर त्याच्या रक्तात दोष आहे की नाही ते कळलं असतं, आणि नसता तर आमच्या पोरांना हा आजार व्हायची भीती नव्हती. मी हे त्या मध्यस्थाला सांगायला लागले. तो उठून उभा राहिला. म्हणाला, "आता पोराची तपासनी करता काय तुमी?"

पावसाळा लागला, फ्लेक्स उतरला. आमच्या गावातल्या एका माणसाने तो आणून आपल्या शेळ्यांच्या गोठ्यावर टाकला, पाणी गळू नये म्हणून. गोठा नळाच्या वाटेवर होता. बहिणीचा चेहरा उलटा, रस्त्याच्या बाजूला लोंबत होता. पोरं त्याच्यावर गोटे मारायची. नेम डोळ्यावर बसला की ओरडायची. बहीण त्याच वाटेने हंडा घेऊन जायची. दुसरी वाट लांबची होती आणि तिला तितकं चालवत नसे.

बाबा त्या माणसाकडे गेले. म्हणाले, "तेवढं काढून द्या जी. मी दुसरी ताडपत्री आनून देतो." तो म्हणाला, "आन ना मंग. पन हे बी राहू दे, चांगलं जाड हाये."

बाबा घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मोटर लावली, सगळ्या गल्ल्यांचे वाल सोडले आणि त्या माणसाच्या गल्लीचा सोडला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. त्या गल्लीत तीस एक घरं होती. बाया रिकामे हंडे घेऊन आमच्या दारात आल्या. त्यांत एक नुकती बाळंतीण झालेलीही होती. बाबा दारात बसून दाढी करत होते. "वाल जाम झाला," एवढंच ते म्हणत राहिले. बाळंतिणीची सासू रडायला लागली, तरी ते आरशातच बघत होते. माय म्हणाली, "आवो, सोडा ना, लहान लेकरू हाये तिथं." बाबा म्हणाले, "माहं बी लेकरूच होतं."

तेवढी पाषाणासारखी मुद्रा मी त्यांची आधी पाहिली नव्हती. मला त्यांची भीती वाटली आणि बरंही वाटलं.

सरपंचाने पान्हा घेऊन दुसऱ्या माणसाला पाठवलं. वाल एका झटक्यात उघडला. बाबांना कामावरून काढलं. वर्षानुवर्षं पाणी सोडलेल्या गावात त्यांच्या बाजूने एकही माणूस बोलला नाही, आणि मला वाटतं, त्या वेळी बोलण्यासारखं काही राहिलंही नव्हतं.

आम्ही गाव सोडलं. आता यवतमाळला भाड्याने राहतो, दवाखाना जवळ पडतो म्हणून. बाबा एका जिनिंगमध्ये गेटवर बसतात. मी ब्लाउज शिवते. लग्नाचं बोलणं पुन्हा निघालं नाही. बहीण तेवीस वर्षांची झाली. आजही अधूनमधून फ्रिज रिकामा असतो आणि बाबा दवाखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर अनोळखी पोरांना विचारत फिरतात. काही पोरं येतात. काही त्यांना हाकलतात.

मागच्या खेपेला नर्सने पिशवी आणून खांबाला अडकवली. बहिणीने विचारलं, "सिस्टर, हे कोनाचं हाये?"

"आम्हाला काय माहीत? नंबर असतो फक्त."

"नाव नसते?"

"नसतं गं."

"बरं हाये," ती म्हणाली. हात सरळ केला आणि डोळे मिटले. मी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि थेंब मोजत बसले. ते बरोबर पडतात की नाही, हे बघायला कोणीतरी लागतंच.