हेडीमामांनी पारखलेला बेस

हेडीमामा एखाद्या वस्तूकडे पाहायला लागले की तिचा मालक पाच मिनिटांत रडकुंडीला येई. हेडी म्हणजे बैलबाजारातला दलाल. मामांचे वडील बैलांचे हेडी होते. मामांनी स्वतः बैल कधी विकला नाही, उभा जन्म ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवण्यात घालवला, पण वडिलांचा बाजार त्यांच्या अंगातून गेला नाही. शिरूरपासून दौंडपर्यंत कुणाला जुना कीबोर्ड घ्यायचा असो की जुनं गिटार, लोक तळेगाव ढमढेऱ्याला यायचे आणि मामांना गाडीवर मागे बसवून न्यायचे. मामा वाद्याच्या खोडी काढत, भाव खाली येई, आणि नेणारा त्यांना वाटेत चहा-भजी देई.

खोडी काढायला त्यांना वाद्यच लागे असंही नाही. ग्रामपंचायतीच्या नळाला कमी धार, देवळाच्या घंटेला फुटका आवाज, स्वतःच्या पोराला पुण्यात ड्रायव्हरची नोकरी लागली तर "गाडीच चालवतोय न्हवं?" तो पोरगा पुढे घरी येईनासा झाला, त्याचं मला नवल वाटलं नाही. मामी मात्र हसून सांगायच्या, "चाळीस वर्सं माझ्या भाकरीला नावं ठेवत्यात. ज्या दिशी न्हाई ठेवली त्या दिशी मलाच धास्ती बसती." गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहावं अशी रीत आहे. मामा गोड नव्हते.

मी तेव्हा कारेगावात खोली करून राहायचो, कंपनीत कंत्राटावर होतो. मित्राच्या गिटारवर जेवढं शिकता येतं तेवढं शिकलो होतो. मामांच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाला पाच तारांचा बेस वाजवणारा हवा होता. नवी गाणी फार खालच्या सुरांत उतरतात, चार तारांवर ती बसत नाहीत. मामांची बोटं चार तारांवर म्हातारी झालेली. ते मला म्हणाले, "पाचवी जाड तार आता माज्या बोटाला झेपायची न्हाई. तू वाजिव. पर आधी वाद्य बघू. नव्याच्या नादी लागू नगं, तुज्या खिशाचं काम न्हाई ते."

पहिला बेस आम्ही शिरूरला पाहिला. लालभडक, आरशासारखा चकचकीत, एक ओरखडा नाही. मामांनी तो हातात घेतला, एक डोळा मिटून तारांखालच्या लांब मानेवरून नजर टाकली, परत ठेवला आणि मालकाला म्हणाले, "चांगलं हाय." मी खूश होऊन पाकीट काढलं. वर पाहतो तर मामा उंबऱ्याबाहेर चपला घालत होते.

"तुम्हीच चांगलं म्हणालात की!" मी रस्त्यात चिडून विचारलं.

"म्हंजी घ्यायचं न्हाई." मामा म्हणाले. "बाजारात जे जनावर घ्यायचं नसतं, त्याला चांगलं म्हणायचं आन् फुडं व्हायचं. उगा कुणाच्या जिवाला लागंल असं कशाला बोला? खोडी काढायच्या त्या आपल्या दावणीला बांधायच्या जनावराच्या." त्या बेसची मान पिळली गेली होती म्हणे, कुठल्याही स्क्रूने सरळ न होणारी. मला तो पीळ शेवटपर्यंत दिसला नाही.

दुसरा बेस दौंडला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. मालक गार्ड होते, बदलीमुळे सामान कमी करत होते. बेसचा रंग उडालेला, कडेचे टवके निघालेले. मामांनी तो मांडीवर घेतला मात्र, त्यांच्या तोंडाला पाणी सुटल्यासारखं झालं. "मान जड हाय, सोडली की खाली जाती. आवाजाचं बटन फिरवलं की कुरकुरतंय. बॅटरीच्या खणात हिरवं चढलंय. खुंटी ढिली. पाचवी तार लोळती." मग त्यांनी प्रत्येक तारेवर, प्रत्येक पडद्यावर, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्टीवर, बोट ठेवत एकेक सूर काढला. सव्वाशेच्या आसपास सूर झाले असतील. गार्डसाहेबांचा चहा निवला. पाचव्या तारेच्या सातव्या पडद्यावर तार खरखरली आणि मामा असे हसले की जणू चोर सापडला.

"एवढा वाईट आहे तर घेऊ नका ना!" गार्डसाहेब भडकले. बोलताना ते शर्टाच्या बाहीने बेसवरची धूळ पुसत होते. मामा माझ्या कानाशी लागले, "पुसतोय बघ. जीव लावल्यालं हाय." मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, गार्डसाहेबांच्या हातावर टाकलं आणि बैलबाजारातल्यासारखं खालून बोटं धरून भाव करायला लागले. गार्डसाहेबांनी दचकून हात मागे ओढला. "अहो, हात काय धरताय?" शेवटी सौदा तोंडानेच झाला, आणि त्याचं मामांना परतीच्या वाटेवर न्हावऱ्यापर्यंत वाईट वाटत होतं.

गाडीवर बेस आमच्या दोघांच्या मधे उभा होता. मी मागे न पाहता विचारलं, "चांगला आहे ना, मामा?"

"मान जड हाय म्हनलं न्हवं?" ते म्हणाले. मला तेवढं पुरलं.

सुट्टीच्या दिवशी मी तळेगावला जायचो. ओसरीवर मी वाजवायचो, मामा शेंगा फोडत ऐकायचे आणि खोडी काढायचे. अंगठा वर येतोय. तालाच्या आधी पळतोस. "तुजं बोट पाचव्या तारंवर पाव्हन्यावानी बसतंय, उठायचं नावच न्हाई." सातव्या पडद्याची खरखर मी शिरूरला नेऊन घासून आणतो म्हटलं तर मामांनी साफ नको सांगितलं. "ऱ्हाऊ दे. दहा बेस वाजले तरी आपला वळखू येतोय." दीड वर्षात त्यांनी एकदाही शाबासकी दिली नाही. एकदा मी न राहवून म्हणालो, "मामा, कधीतरी चांगलं म्हणा की." त्यांनी शेंग फोडायची थांबवून माझ्याकडे पाहिलं. "का रं? तुला सोडून जाऊ व्हय मी?" मी मूर्खासारखा हसलो. एकदा तरी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकायचाच, हे मात्र मनात घट्ट धरून बसलो.

मग त्यांनी मला आपली जागा दिली. मालकाशी बोलले, माझ्या अर्धा डझन खोडी त्यालाही सांगितल्या आणि मला त्यांच्या जागेवर उभं केलं. त्यानंतर ते कार्यक्रमाला फिरकले नाहीत. "पोरगी दिली त्या घरी रोज उठून जाऊ नये," एवढंच म्हणाले.

दोन वर्षं मी वाजवलं. नंतर मालकाने लॅपटॉप आणला. आधी ढोल त्यात गेला, मग कीबोर्ड, मग माझा बेस. सगळं आधीच भरून ठेवलेलं, गाणारी तेवढी खरी. मालक म्हणाला, "तू हुबा ऱ्हा फकस्त. बोटं हालव. स्टेजवर मान्सं दिसाया पायजेत." कंपनीतलं कंत्राट संपलं होतं, हे एक कारण मी सगळ्यांना सांगतो. खरं कारण असं की गळ्यात बेस घालून दिव्यांत उभं राहायला मला आवडायचं. बेसची वायर मी गुंडाळून पट्ट्यात खोचायचो. मामांना हे कधी सांगितलं नाही. कार्यक्रम नसेल त्या दिवशी ओसरीवर जाऊन खोडी ऐकून यायचो, आणि तिथे तरी आपण खरे आहोत असं समजायचो.

केंदूरच्या यात्रेत ते अचानक आले. अजून पुरता अंधार पडला नव्हता. पहिल्या रांगेत खुर्चीवर, खांद्यावर उपरणं, मान थोडी कलती. मी एकेक सूर अगदी बरोबर वाजवला. कुणालाही ऐकू जाणार नाही हे ठाऊक असताना इतकं नीट मी आयुष्यात वाजवलं नव्हतं. गाण्यात सातव्या पडद्यावरची जागा आली. स्पीकरमधून सूर निघाला स्वच्छ, गोल, एक खरखर नाही. मामांनी भुवया उचलल्या. ध्रुवपद फिरून आलं तेव्हा ते पुढे वाकून त्याच जागेची वाट पाहत होते. पुन्हा स्वच्छ. त्यांची नजर माझ्या बोटांवरून पट्ट्यातल्या वायरीवर गेली आणि तिथून जमिनीवर.

कार्यक्रम संपताच मी उडी टाकून खाली आलो. शिव्या खायची तयारी होती. खरं सांगायचं तर भूक होती. "मामा, कसं झालं?"

"जेवलास का?"

"नाही अजून."

"जेवून घे," ते म्हणाले आणि गाड्यांच्या दिशेने चालू लागले.

मला त्यांचा राग आजही येतो. चारचौघांत कानफटात मारली असती तर मी त्याच दिवशी मालकाला सोडलं असतं. नसतंही सोडलं कदाचित, पण मारायला काय हरकत होती? मामींच्या पिठात मीठ जास्त झालं तर घर डोक्यावर घेणारा माणूस, आणि माझ्या वेळेला त्याला जेवण आठवलं.

मामा जाऊन आता वर्ष होत आलं. मालकाने नवे दिवे आणलेत आणि मी त्यांत अजून उभा राहतो. मामा अंथरुणाला खिळण्याआधी एकदा मी बेस घेऊन ओसरीवर गेलो होतो. त्यांनी पाऊस-पाण्याचं विचारलं, उसाला तोड आली का विचारलं. मी बेस काढला. मुद्दाम जाड तार सैल करून बेसूर ठेवली होती. अंगठा वर काढून, तालाच्या आधी पळत, मी तेच केंदूरचं गाणं वाजवलं. सातव्या पडद्यावर तर इतका जोर दिला की तार कण्हली. इतकं वाईट वाजवायलाही कसब लागतं, आणि ते त्यांनीच मला शिकवलं होतं. एक तरी खोड काढा, एवढंच माझं मागणं होतं.

आत मामी भाकरी थापत होत्या. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं. उपरण्याने तोंड पुसलं आणि परक्या माणसाशी बोलावं तसं, अगदी मऊ आवाजात म्हणाले,

"चांगलं हाय."

आतली भाकरीची थाप थांबली.