पुढचं टेबल

कुबडीवर चालणारी ती नोकरीला लागली, त्या दिवशीच मॅनेजर म्हणाला होता, "ताई, तुम्ही मागे गोदामात बसा. पुढे गिऱ्हाईकं येतात, बरं दिसत नाही." अडला हरी गाढवाचे पाय धरी! बसली बिचारी खोक्यांच्या धुळीत.

आज मोठे साहेब येणार म्हणून तोच मॅनेजर धावत आला आणि तिला पुढच्या टेबलावर बसवलं. "ताई, कुबडी जरा पुढे घ्या, फोटोत दिसू दे!" साहेबांची पाठ वळली, तशी तिची पुन्हा गोदामात रवानगी झाली.

संध्याकाळी फोनवरचा तो फोटो आईनं शेजारपाजारी मिरवला. "एकदा येतेच बाई तुझं टेबल बघायला!"

"नको गं आई. आपली माणसं पुढे आली, की तिथं बरं दिसत नाही."