लातूरला भाषण, तयारी नांदेडात

रंगाच्या डब्याच्या काठावर थरावर थर चढतो, मुद्दाम कुणी चढवत नाही. आम्हा बोर्ड रंगवणाऱ्यांचे किस्से तसेच साचतात. यंदाचा सगळा थर मात्र माझ्या एकट्याच्या भाषणाचा!

लातूरच्या एका कॉलेजातून मॅडमचा फोन आला. "काका, तुमच्या कलेवर अर्धा तास बोला." मी चौथी शिकलेलो. अख्ख्या दिवसात माझं अर्धा तास बोलणं होत नाही. नाही म्हणणार, तोवर आमच्या मंडळींनी नांदेडात गल्लीभर सांगून टाकलं, "आमच्या ह्यांचं भाषण हाय!" आता मी गप्प उभा राहिलो, तर मान हिची खाली जाणार.

*

भाषण लिहायला बसलो. पेनानं बोटं दुखतात, म्हणून पुठ्ठा घेतला अन् ब्रश. तिसऱ्या दिवशी शब्बीरभाई आला. हा माझा दोस्त, ट्रकवर फुलं-पक्षी काढतो. पुठ्ठ्यावर लाल अक्षरात 'सन्माननीय', त्याला पिवळी शेड, शेडला काळी बॉर्डर. एवढंच. तो मान वाकडी करून लांबून पाहत राहिला.

"बहोत उम्दा, उस्ताद! अब कार्यक्रम अगले साल रखने कू बोलो."

*

मॅडमना जुन्या कामांचे फोटो हवे होते. शब्बीरभाईच्या स्कूटरवर निघालो. एका भिंतीला चुना लागलेला, दुसरीवर फ्लेक्स. एकच काम शाबूत होतं, किराणा दुकानाच्या शटरवर. पण भर सकाळी शटर वर गुंडाळलेलं! शेटला म्हटलं, "दोन मिनिटं दुकान बंद करा."

"काका, अजून भवानी व्हायची हाय!" शेट कुरकुरला. पण जुना माणूस, पाडलं शटर. माझा फोटो निघेपर्यंत शेजारची दोन दुकानं बंद झाली. एक जण येऊन शेटच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला,

"कोण गेलं, शेट? माती किती वाजता हाय?"

*

हिच्यासमोर तालीम केली. हिनं कुकर चढवला. मी म्हटलं, "सन्माननीय…" अन् पुढचं आठवत थांबलो. तीन शिट्ट्या झाल्या.

"बोला की! वरण शिजलं, भाषण अजून कच्चंच हाय."

*

लातूरला हॉल गच्च भरलेला. ही नवी साडी नेसून शेवटच्या रांगेत. माईकसमोर उभा राहिलो अन् डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. ही पदराशी चाळा करून राहिलेली. मॅडम शहाण्या, त्यांनी फळा पुढं ओढला, ब्रश हातात दिला.

पाठमोरा झालो तसा हात सुटला. कॉलेजचं नाव लिहिलं. पाठमोराच बोललो, "आता वरची रेघ. लांब रेघ ओढताना श्वास रोखून धरायचा. श्वास घेतला की हात हलतो."

आठ फुटी फळा अन् माझा हात सावकाश. निम्म्यावर आलो तर मागं चिडीचूप. वाटलं, उठून गेले का काय! पण रेघ अर्ध्यात, वळून बघायचं कसं? रेघ शेवटाला टेकवली अन् वळलो. सगळे जागेवर. गाल फुगलेले, तोंडं लालबुंद, प्राचार्यांचे डोळे बाहेर आलेले!

शेवटच्या रांगेतून ही ओरडली, "अवो, त्यांला श्वास घ्या म्हणा की!"