मेथीची टोपली

इंजेक्शनांनी माझा छातीचा रोग गेला, पण जाता जाता तोलही नेला. उभा राहिलो की जमीन डोलायची. डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, दुसरा उपाय नाही." म्हणून सुताराकडून माझ्या कमरेइतका उंच पांगुळगाडा करवून घेतला आणि अकोल्याच्या रस्त्यावर मी, शाळेत भूमिती शिकवणारा मास्तर, रोज सकाळी तो ढकलत चालू लागलो. लोक हसायचे. जे हसत नसत ते धावत येऊन माझा दंड धरायचे; त्यानं तोल आणखीच जायचा.

कोपऱ्यावर एक बाई मेथी विकायला बसायची. अंगानं वाळकी, गालात सदा तंबाखू. गाड्याची चाकं वाजली की मान वर न करता टोपली जवळ ओढायची, मी गेलो की परत जागेवर सरकवायची. बोलणं नाही. एकदाच, दोघे जण मला धरायला धावले तेव्हा खेकसली, "सोडा त्याइले! चालून राह्यले ना ते!"

तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

थंडी सरताना एका सकाळी गाडा घरी ठेवून निघालो. कोपऱ्याशी आलो, तर टोपली रस्त्यातच. मी वाट पाहत थांबलो.

"बाजूनं जा ना मास्तर," जुडी बांधता बांधता ती म्हणाली. "आता कायले सरकवू?"

मी टोपलीला वळसा घातला. आजही कोणी लगबगीनं मला वाट करून दिली, की तिची ती न हललेली टोपली आठवते.